मुलांच्या हाती दिलेली रेल्वे

मिरज

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीन प्रश्न विचारले आहेस आणि तिन्ही नेमके आहेत. परदेशात कुठेतरी शाळकरी मुलं रेल्वे चालवतात हे खरं का? खरं असेल तर ती बागेतली खेळण्यातली गाडी, की खरीखुरी? आणि खरीखुरी असेल, तर मग ही बालमजुरी नाही का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक माणसं खूश होऊन थांबतात. तू तिसरा विचारलास, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. अभ्यास आटोपून निवांत वाच.

हो, खरं आहे. हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट. शहराच्या मधून डॅन्यूब नदी वाहते. एका काठाला सपाटीवरचं पेस्ट, दुसऱ्या काठाला डोंगराळ बुडा. बुडाच्या डोंगरांतल्या जंगलातून ही रेल्वे जाते. सेचेनी-हेज नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या स्टेशनातून निघते आणि वळणं घेत घेत ह्यूवोशवोल्ज नावाच्या दरीतल्या स्टेशनात उतरते. अंतर ११ किलोमीटरांहून थोडं जास्त, वेग ताशी फार तर २० किलोमीटर. तिकडे तिला ज्येर्मेकवाशुत म्हणतात, म्हणजे सरळसरळ मुलांची रेल्वे. तिकीट विकणारी, तिकीट तपासणारी, सांधे बदलणारी, सिग्नल देणारी, फलाटावर उभं राहून गाडी सोडणारी, ही सगळी दहा ते चौदा वर्षांची मुलं. इंजिन मात्र मोठी माणसं चालवतात. इंजिनांची दुरुस्ती, रुळांची देखभाल हीसुद्धा मोठ्यांचीच कामं. शिवाय स्टेशनात एक मोठा माणूस हजर असतो. त्याच्याविषयी पुढे सांगेन, कारण रेल्वेत उमेदीची सगळी वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या माणसाचं काम सगळ्यात अवघड वाटतं.

आता हे सुरू कसं झालं ते. कल्पना मुळात हंगेरीची नाही, ती सोव्हिएत संघातून आली. १९३५ साली जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात, एका बागेमध्ये, मुलांनी चालवायची छोटी रेल्वे सुरू झाली. त्याच वर्षी लाझार कागानोविच हा स्टॅलिनचा खास माणूस सोव्हिएत रेल्वेखात्याचा प्रमुख झाला होता. देश अवाढव्य, सगळा कारभार रेल्वेवर अवलंबून, आणि ती चालवायला शिकलेली माणसं हवीत. मग शाळेच्या वयापासूनच रेल्वेमन घडवायचे, असा तो हिशेब. तिबिलिसीनंतर एकामागून एक शहरांत अशा रेल्वे निघाल्या. पुढच्या काही दशकांत सोव्हिएत संघात त्यांची संख्या पन्नासच्या आसपास गेली. तिथे थोडी मोठी मुलं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली इंजिनावरसुद्धा काम करायची.

पण त्याच काळातली दुसरी गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. १९३७च्या सुमारास त्याच सोव्हिएत रेल्वेतल्या हजारो कर्मचाऱ्यांना हेर आणि घातपाती ठरवून पकडलं गेलं, कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. एखादी गाडी रुळावरून घसरली, तर खरं कारण शोधण्याऐवजी गुन्हेगार शोधला जायचा. इकडे बागेत मुलं टोपी घालून आनंदाने गाडी सोडताहेत आणि तिकडे मोठ्या रेल्वेतला स्टेशनमास्तर रात्री दारावर थाप पडेल म्हणून जागा आहे. दोन्ही एकाच वेळी, एकाच खात्यात घडत होतं.

बुडापेस्टची गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४४च्या डिसेंबराच्या अखेरीस सोव्हिएत फौजांनी शहराला वेढा घातला. तो १३ फेब्रुवारी १९४५ला संपला, तेव्हा शहराची पार दुर्दशा झालेली होती. डॅन्यूबवरचा एकही पूल शाबूत नव्हता. माघार घेताना जर्मनांनी ते उडवून दिले होते. शेवटची लढाई बुडाच्याच बाजूला झाली. पुढच्या वर्षी महागाई अशी भडकली की तेवढी जगात दुसरीकडे कुठे नोंदलेली नाही. अखेर १ ऑगस्ट १९४६ला जुनं चलन रद्द करून फोरिंट हे नवं नाणं आणावं लागलं. अशा देशात, फोरिंटला पुरती दोन वर्षंही झालेली नसताना, ११ एप्रिल १९४८ला मुलांच्या रेल्वेचं काम सुरू झालं. आणि ३१ जुलैला, म्हणजे चार महिन्यांच्या आत, पहिल्या ३.२ किलोमीटरवर गाडी धावूही लागली. दुसरा टप्पा १९४९च्या जूनमध्ये उघडला. तिसरा टप्पा सगळ्यात कठीण. दरीकडे उतरायचं, त्यात १९८ मीटरचा बोगदा. तो २० ऑगस्ट १९५०ला पुरा झाला. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती. २० ऑगस्ट हा हंगेरीचा पहिला राजा संत स्टीफन याचा सण. नव्या सरकारने १९४९ साली त्याच दिवशी आपली राज्यघटना लागू करून तो दिवस आपलासा केला होता.

त्या वेळचं नाव होतं पायोनियर रेल्वे. पायोनियर म्हणजे कम्युनिस्ट सरकारची बालसंघटना, गळ्यात लाल रुमाल बांधलेली मुलं. स्टेशनांची नावंही तशीच ठेवली होती. एकाचं नाव ‘पुढे चला’, एकाचं ‘पायोनियर नगर’. रेल्वे बांधली जात होती तेव्हा वाहतूकमंत्री होते एर्नो गेरो. युद्धात पडलेले पूल झपाट्याने उभे केल्यामुळे लोक त्यांना पूल बांधणारा गेरो म्हणत. हेच गेरो पुढे पक्षाचे प्रमुख झाले आणि २३ ऑक्टोबर १९५६च्या रात्री रेडिओवरच्या त्यांच्या भाषणाने रस्त्यावर उतरलेली माणसं आणखी खवळली. त्याच रात्री उठाव पेटला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडायला घेतला.

एक साधा हिशेब कर. १९४८ साली पहिल्या गाडीला झेंडी दाखवणारा मुलगा बारा वर्षांचा धरला, तर १९५६ साली तो वीस वर्षांचा होता. उठावाची सुरुवात विद्यार्थ्यांच्या मोर्चाने झाली. ज्यांना आज्ञाधारक नागरिक बनवायला ही रेल्वे बांधली, त्यांच्याच वयाची पोरं त्या मोर्चात होती. सरकारला मुलांकडून काय हवं असतं आणि मुलं त्यातून काय उचलतात, यांचा मेळ बसेलच असं नाही.

आता गाडीकडे येऊ. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर. हा आकडा वाचून तुला काही वाटणार नाही, पण मला फार जवळचा वाटतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तिचं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. फरक दोन मिलिमीटरांचा. कुर्डुवाडी मध्ये धरून एका अंगाला बार्शी आणि पुढे लातूर, दुसऱ्या अंगाला पंढरपूर आणि पुढे मिरज, अशी ती लाइन. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं तिच्यावरच गेली. आता तिथे सगळीकडे ब्रॉडगेज झालं आहे. नॅरोगेज म्हटलं की तुमच्या पिढीला सहलीची गाडी आठवते. पण आषाढी-कार्तिकीला डब्यात, दारात, टपावर माणसं घेऊन पंढरपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी कुणी पाहिली असेल, तर तो तिला खेळणं म्हणणार नाही. बुडापेस्टची गाडीही तशीच. तिच्यात डोंगरात फिरायला आलेली माणसं बसतात, लहान मुलं घेऊन आयाबाया बसतात. डबे भरलेले असतात आणि त्या सगळ्यांना सुखरूप पोचवायचं असतं.

तुझा सुधीरकाका व्हिएन्नात नोकरीला होता, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो होतो. तिथून बुडापेस्ट जवळ. मी हट्टाने ही रेल्वे बघायला गेलो. डोंगरावर जायला १८७४ साली सुरू झालेली दातेरी रुळांची दुसरी रेल्वे आहे, तिने वर चढलो. सेचेनी-हेजच्या खिडकीत एका मुलीने तिकीट दिलं. तिने सुटे पैसे दोनदा मोजले, मग माझ्यासमोर ठेवले. गाडीत एक मुलगा तिकीट तपासत आला. हे सगळं गोड होतं. पण मला पाहायचं होतं ते वेगळंच, आणि ते यानोश-हेज स्टेशनात पाहायला मिळालं.

यानोश-हेज हा बुडापेस्टचा सगळ्यात उंच डोंगर, ५२७ मीटर. स्टेशन त्याच्या कुशीत आहे. मी तिथे उतरून फलाटावर बाकावर बसलो. थोड्या वेळाने गाडी आली. दारातून एक मुलगा बाहेर आला, अकरा वर्षांचा असेल. निळा गणवेश, डोक्यावर लाल टोपी, हातात दांड्याची गोल तबकडी. तिकडे गाडी सोडणारा अधिकारी लाल टोपी घालतो, मोठ्या रेल्वेतसुद्धा. त्याने गाडीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, चढणारे चढले का ते पाहिलं, आणि तबकडी उंच धरली. गाडी हलली. तो सलाम करून ताठ उभा राहिला. माझ्या शेजारी दोन-तीन प्रवासी फटाफट त्याचे फोटो काढत होते. त्याचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं. त्याची नजर जाणाऱ्या एकेका डब्यावरून फिरत होती. शेवटच्या डब्याच्या मागची खूण दिसली, तेव्हा त्याने हात खाली घेतला आणि तडक आत गेला.

फोटो काढणाऱ्यांना वाटलं असणार, सलाम ही शोभा आहे. मी स्टेशनमास्तर होतो, मला माहीत आहे तो काय करत होता. गाडी जाताना डोळ्यांनी तपासायची असते. कुठे दार उघडं आहे का, चाकाखालून ठिणग्या येताहेत का, काही लोंबतंय का. आणि शेवटच्या डब्याची खूण बघायची असते, कारण ती दिसली तरच गाडी अखंड गेली म्हणता येतं. खूण दिसली नाही तर एखादा डबा तुटून मागे राहिला असेल, आणि तसं असेल तर त्या रुळावर दुसरी गाडी सोडणं म्हणजे माणसं मारणं. आमच्याकडे शेवटच्या डब्याला ‘एल व्ही’ अशी पाटी लावतात ती याचसाठी. तो मुलगा हेच पाहत होता.

तो आत का गेला, तेही सांगतो. हा मार्ग एकेरी आहे. वर जाणारी आणि खाली येणारी गाडी एकाच रुळावरून धावते, आणि त्या फक्त स्टेशनात एकमेकींना ओलांडू शकतात. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला विचारावं लागतं, माझी अमुक नंबरची गाडी घेतोस का? पुढचा स्टेशनवाला आपला रूळ मोकळा आहे का ते बघतो आणि मग सांगतो, घेतो. आम्ही याला लाइन क्लिअर म्हणतो. तो शब्द मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, मग आत मंत्री बसलेला असो. गाडी सुटली की पुढे कळवायचं, सुटली. गाडी पोचली, अखंड पोचली, की पुढच्याने मागे कळवायचं, पोचली. विचारणं, होकार, सुटणं, पोचणं, सगळं त्या त्या वेळी मिनिटासकट वहीत लिहायचं. नंतर आठवून लिहायचं नाही, आधीच लिहून ठेवायचं नाही. वहीत खाडाखोड चालत नाही. बुडापेस्टच्या त्या खोलीत टेलिफोन होता, लांबलचक रकान्यांची वही होती, आणि वहीसमोर एक मुलगी बसली होती. ती फोनवर काय बोलत होती ते मला एका अक्षरानेही कळलं नाही, पण ती काय बोलत होती ते मला पुरतं ठाऊक होतं. ती वाक्यं मी हजारो रात्री बोललो आहे.

या मुलांना काम मिळतं कसं, तेही विचारशील. शाळेतले गुण चांगले लागतात. शाळेची परवानगी, आईवडिलांची परवानगी लागते. मग चार महिन्यांचं शिक्षण. त्यात गाड्यांचे नियम, सिग्नल, सांधे, तिकिटांचा हिशेब. मग परीक्षा. ती पास झालं तरच टोपी मिळते. मुलांचे गट केलेले आहेत आणि एकेका मुलाची पाळी साधारण पंधरा दिवसांतून एकदा येते. त्या दिवशी शाळेतून सुटी असते, पण बुडालेला अभ्यास ज्याचा त्याने भरून काढायचा. दिवसाची सुरुवात ध्वजवंदनाने होते. पैसे मिळत नाहीत. ह्यूवोशवोल्जला लिव्हर ओढून सांधे आणि सिग्नल चालवायची जुनी यांत्रिक केबिन आहे. असे लिव्हर मी ओढले आहेत, त्याला दंडात ताकद लागते आणि डोकं त्याहून जास्त लागतं. सांधे नीट बसले नसतील तर सिग्नलचा लिव्हर ओढलाच जात नाही, अशी त्याची रचना असते. म्हणजे तिथे मुलाची चूक मुलावर सोडलेली नाही. यंत्र अडवतं, वही अडवते, पुढच्या स्टेशनातला सोबती अडवतो, आणि सगळ्यात शेवटी तो मोठा माणूस.

त्या माणसाविषयी सांगतो म्हणालो होतो. यानोश-हेजला तो दाराजवळ भिंतीला पाठ लावून उभा होता. पन्नाशीचा असेल. मुलगी लिहीत होती, मुलगा बाहेर गेला, आत आला. हा बोलला नाही. वहीवर नजर होती, घड्याळावर नजर होती. काही बिघडलं तर जाब त्यालाच द्यायचा आहे, तरी हात पुढे करायचा नाही. तुझी आई तुला पोळी लाटू देते आणि दुसऱ्याच पोळीला लाटणं तुझ्या हातातून घेते ना? तिचं काही चुकत नाही, तिला स्वयंपाक उरकायचा असतो. या माणसाला मात्र उरकायचं असूनही थांबावं लागतं, दिवसभर, दर गाडीला. मी नोकरीत अनेक नव्या पोरांना तयार केलं, त्यामुळे हे किती कठीण असतं ते मी जाणतो.

या रेल्वेबद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे. मुलं लहान आहेत म्हणून त्यांनी नियम लहान केले नाहीत. लाइन क्लिअर तीच, वही तीच, शेवटच्या डब्याची खूण तीच. कमी केलं ते काम: पंधरवड्यातून एक दिवस, एका माणसाचं काम मुलांत वाटलेलं, इंजिन मोठ्यांकडे. आपण बहुतेक वेळा उलट करतो. मुलांना काम द्यायचं म्हटलं की लुटुपुटूचं देतो आणि चुकलं तरी शाबास म्हणतो. मुलांना ते कळतं. तुला कळतंच.

आता तुझा तिसरा प्रश्न.

आपल्या देशात मुलांना कामाला लावायला बंदी करणारा जो १९३८चा कायदा होता, त्यात रेल्वेने माणसं, माल आणि टपाल नेण्याचं काम पंधरा वर्षांखालच्या मुलांना मना केलेलं होतं. पुढे १९८६च्या कायद्यात धोक्याच्या कामांची यादी केली, तिच्यात पहिलीच नोंद रेल्वेची. दुसरी नोंद वाचून मात्र माझ्या पोटात कालवलं. रेल्वेच्या हद्दीत जळका कोळसा वेचणं आणि राखेचे खड्डे साफ करणं. तिसरी, स्टेशनातल्या खाण्यापिण्याच्या दुकानांतलं काम. ही यादी कुणी कल्पनेने केलेली नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात शेडबाहेर राखेत वाकून अर्धवट जळलेला कोळसा वेचणारी मुलं मी पाहिली आहेत, तुझ्याहूनही लहान. किटल्या घेऊन चालत्या गाडीबरोबर धावणारी मुलं तर कितीतरी वर्षं रोजच दिसायची. त्यांच्यापैकी कुणाला सलाम करायला शिकवलेलं नव्हतं. २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवणं जवळजवळ पूर्णच बंद केलं, घरच्या धंद्यातली मदत आणि कलावंत मुलं एवढे अपवाद सोडून. हा कायदा हवाच.

मग बुडापेस्टचं काय? काही लोक म्हणतात, तिथे पगार देत नाहीत म्हणून ती मजुरी नाही. हे मला पटत नाही. फुकट राबवून घेणं तर जास्त वाईट. मी वेगळी परीक्षा लावतो. उद्या त्या लाल टोपीवाल्या मुलाने सांगितलं, मला कंटाळा आला, येत नाही, तर काय होईल? त्याच्या घरी चूल पेटायची थांबणार नाही, कुणी त्याला मारणार नाही. राखेतला कोळसा वेचणाऱ्या पोराला ‘येत नाही’ म्हणायची सोय नव्हती. दुसरं असं, की त्या मुलाचं शाळेत बिघडलं तर त्याचं रेल्वेतलं काम जातं; आपल्याकडे कामापायी शाळा जायची. तिसरं, मुलं स्वस्तात मिळतात म्हणून घेतलेली नाहीत. मुलांबरोबर मोठी माणसं ठेवावीच लागतात, शिकवायला वेगळी माणसं लागतात. केवळ पैसे वाचवायचे असते, तर कुणी ही उठाठेव केली नसती. म्हणून माझं उत्तर, ही बालमजुरी नाही. पण तिथे उद्या मोठा माणूस कमी केला, पाळी पंधरा दिवसांवरून चार दिवसांवर आणली, तर मी उत्तर बदलेन.

राहता राहिला लाल रुमाल. मला ही बाब सोपी करून सांगता येत नाही. मुलांना एका पक्षाच्या साच्यात ओतायला ही रेल्वे काढली होती आणि तिच्या फलाटांवर त्या पक्षाची गाणी म्हणवून घेतली जात होती. ते वाईटच. पण मुलांच्या हातात त्यांनी जे दिलं ते खरं काम होतं, आणि गाडी वेळेवर व सुखरूप पोचवण्याला कुठल्या पक्षाचा रंग लागत नाही. म्हणूनच १९८९-९०मध्ये ती राजवट गेली, पायोनियर संघटनेचा दबदबा गेला, रेल्वेचं आणि स्टेशनांचं नाव बदललं, ‘पुढे चला’ स्टेशन फुलांच्या दरीच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं, तरी मुलं राहिली. लाल रुमाल सोडून त्यांनी गाडी चालू ठेवली. पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनला १९५० साली आणि बर्लिनला १९५६ साली अशाच पायोनियर रेल्वे सुरू झाल्या होत्या. जर्मनी एक झाल्यावर त्यांची नावं बदलली, तिथेही मुलं आजवर कामं करतात. स्लोव्हाकियात कोशित्से इथली मुलांची रेल्वेही आहे. तिथलं कात्का नावाचं वाफेचं इंजिन १८८४चं आहे, तू इंजिनांची चित्रं जमवतेस म्हणून सांगतो. यांतली सगळ्यात लांब मुलांची रेल्वे बुडापेस्टचीच, गिनीज बुकात तशी नोंद आहे. तिला ओढणारी रुमानियात बनलेली डिझेल इंजिनं १९७३ची आहेत, आणि ह्यूवोशवोल्ज स्टेशनात या रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, तिथे जुन्या टोप्या आणि लाल रुमाल दोन्ही ठेवलेत.

पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, ‘आपल्याकडे का नाही?’ आपल्याकडे मुलांसाठी रेल्वे आहेत. पुण्याला पेशवे पार्कात १९५६पासून फुलराणी आहे, तुझी आई लहानपणी तिच्यात बसली आहे. नेरळहून माथेरानला १९०७पासून गाडी जाते. त्यांत मुलं बसतात. मुलांनी गाडी सोडावी असं इथे कुणाच्या मनात आलं नाही, आणि जिथे काल-परवापर्यंत मुलं फलाटावर चहा विकत होती, तिथे हा विचार एकदम कुणी मांडू नये असंही मला वाटतं. रेल्वेचा हट्ट तू सोड.

पण तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाबद्दल जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. कपाटं कुलुपात, किल्ली बाईंकडे, बाईंना वेळ नाही, आणि मुलांकडे किल्ली दिली तर पुस्तकं हरवतील ही भीती. बाईंची भीती खोटी नाही, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना लेखी योजना दे. सातवी-आठवीतली बारा मुलं निवडायची, पालकांची सही घ्यायची. महिनाभर बाईंनी शिकवायचं: पुस्तकावर नंबर कसा घालायचा, नोंद कशी करायची, फाटलेलं पान कसं चिकटवायचं. मग परीक्षा, आणि परीक्षेत खरंच कुणी नापास झालं पाहिजे. दोघादोघांच्या जोड्या, जोडीला पंधरा दिवसांतून एक पाळी. पाळीच्या वेळी बाई खोलीत हव्यात, पण टेबलापासून लांब बसलेल्या. वहीत पाच रकाने: पुस्तकाचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, दिल्याची तारीख आणि वेळ, परत आल्याची तारीख, आणि पाचवा रकाना पुस्तक धड परत आलं का याचा. हा पाचवा विसरू नकोस, तो आमच्या शेवटच्या डब्याच्या खुणेसारखा आहे. पुस्तक देतानाच लिहायचं, मागाहून नाही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही.

योजनेचा कच्चा खर्डा करून मला पाठव. मी लाल शाईने दुरुस्त करून परत धाडतो, मग बाईंना दे. आईला आणि बाबांना आशीर्वाद सांग.

तुझे
अण्णा आजोबा